फोटोतून कापलेला माणूस

३ मार्च

प्रिय मुंगी,

अनेक आशीर्वाद. फोन उचलत नाहीस म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसले. निवडणुकीचे दिवस आहेत, तुमच्या जाहिरात कंपनीत मान वर करायला फुरसत नसेल, हे मला कळतं. पण चार दिवसांत अकरा वेळा फोन लावला गं. एकदा तरी उचलायचास.

सोमवारी सकाळी बस स्थानकात शिरत होते. समोरच्या इमारतीवर होर्डिंग चढवायचं काम चाललं होतं. दोन माणसं दोराला लटकून कापड वर वर ताणत होती. मी पर्समध्ये तिकीट खिडकीची किल्ली शोधत होते. ती काही सापडेना. मान वर केली तेव्हा निम्मा चेहरा वर गेला होता. हनुवटी, उघडं तोंड, दात. मग डोळे आले. माझे डोळे.

मुंगे, दोन मजली उंच माझं तोंड. कपाळावरून रक्त, केसांत सिमेंटची धूळ. खाली लाल अक्षरांत ‘हा आक्रोश विसरलात?’ आणि त्याच्याखाली पक्षाचं चिन्ह.

माझ्या चार नंबरच्या खिडकीतून समोर तेच दिसतं. आठ तास मी माझ्याकडे बघत तिकिटं फाडते. माणसं एकदा वर बघतात, एकदा माझ्याकडे बघतात आणि सुटे पैसे घ्यायचे विसरतात.

हा फोटो तू काढलास. तीन वर्षांपूर्वी, स्थानकातल्या स्फोटानंतर, आईला पाठवायला. ती घरी टीव्हीसमोर बसून माझ्या नावाने हाका मारत होती. तू खाली ‘ताई सापडली’ एवढंच लिहून पाठवलंस. नंतर आपण दोघींनी ठरवलं होतं, हा कोणाला म्हणजे कोणाला दाखवायचा नाही. आईचा तो फोन बिघडून भंगारात गेला, माझ्याकडे तर तो कधी नव्हताच. राहिलीस तू. मला वाटतं, तुझ्या कॉम्प्युटरवरून तुमच्यातल्याच कोणीतरी परस्पर उचललाय. तेवढा शोध काढ आणि ते उतरवून घे. मी कोणाशी भांडायला येणार नाही.

आईला सांगितलेलं नाही. डोळ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला लांबचं लख्ख दिसतं, म्हणून तिला स्थानकाच्या बाजूला फिरायला नेत नाही.

तुझी,
ताई

ता. क. फोटो जरा नीट बघ. माझा उजवा हात खांद्याखाली कापलाय. हे तुमच्यात कोणाच्याच लक्षात आलं नाही?

११ मार्च

मुंगी,

तुझा निरोप मिळाला. निरोप कसला, एक ओळ. ‘ताई, जानेवारीत तू सही केली आहेस, आणि लोक तुझ्याबद्दल किती हळहळतायत ते बघ तरी.’

ती ओळ घेऊन मी दुपारभर बसले. जानेवारीत तू आईच्या ऑपरेशनला आली होतीस. दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून म्हणालीस, “हे कागद आहेत गं, इथे, इथे आणि इथे.” तुझं बोट जिथे थांबलं तिथे मी सही केली. आईला आत नेत होते, माझं लक्ष त्या दाराकडे होतं. त्या गठ्ठ्यात एक कागद तुझ्या कंपनीचा होता, हे मला आत्ता कळतंय. बाबा गेले तेव्हा तू सात वर्षांची होतीस. तुझ्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून मी सह्या केल्यात, सगळे मार्क वाचून. आणि तू मला न वाचता सही करायला लावलीस.

आता माझंही ऐक. मी काही सोवळी नाही.

पहिले दोन दिवस मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं. तीन वर्षांत माझा डावा कान गेलाय हे एकाही माणसाला लक्षात ठेवावंसं वाटलं नव्हतं. स्थानकप्रमुख साहेब तर डावीकडूनच बोलायचे आणि मग चिडायचे. तेच साहेब होर्डिंगनंतर खुर्चीवरून उठले. रांगेतल्या एका बाईने खिडकीतून हात घालून माझा हात दाबला. मला वाटलं, चला, कोणाला तरी आठवण आहे.

मग आठ तारखेला उमेदवाराची गाडी आली. सभा होती. मला पहिल्या रांगेत, मग स्टेजवर, मग त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. त्याने माझ्याकडे हात केला आणि म्हणाला, “या ताईंची किंकाळी ऐका. ती पुलापलीकडे जाऊ द्या. पलीकडच्यांना कळू द्या की आम्ही विसरलो नाही!” बॉम्ब ठेवणारी ती दोन पोरं पुलापलीकडच्या वस्तीतली होती, हे खरंच आहे. पण तो दोघांबद्दल बोलत नव्हता. तो अख्ख्या वस्तीबद्दल बोलत होता. लोक उठून उभे राहिले. आणि मी काय केलं? मी हात जोडले.

घरी आले आणि आंघोळ करून परत आंघोळ केली. आई म्हणाली, “उन्हाचा त्रास झाला का गं?” मी हो म्हटलं.

ते होर्डिंग उतरव, मुंगी. सही असो की नसो.

ताई

१६ मार्च

मुंगी,

आज खिडकीवर एक बाई आल्या. रांगेत उभ्या राहून नंबर आल्यावर आल्या. मी विचारलं, “कुठलं?” त्या म्हणाल्या, “तिकीट नको. तुमच्या उजव्या हाताला माझे हे होते ना?”

रेडिओच्या घरच्या. तू त्यांना पाहिलेलं नाहीस.

रेडिओ म्हणजे आमचे घोषणा करणारे. फलाटाच्या वरच्या काचेच्या खोलीत बसायचे. अठरा वर्षं त्यांचा आवाज सगळ्या गावाने ऐकला, पण रस्त्यात कोणी ओळखत नसे, म्हणून आम्ही त्यांना रेडिओ म्हणायचो. ते पुलापलीकडचे. त्यावर आमच्यात कधी विषयसुद्धा निघाला नाही. डबा खाताना माझ्याशी भांडायचे, ते फक्त मी चार नंबरची खिडकी दोन मिनिटं उशिरा उघडते म्हणून.

त्या दिवशी पहिला स्फोट झाला तेव्हा ते वर सुखरूप होते. मागच्या जिन्याने निघून जाता आलं असतं. ते माइकवर दोनदा सगळ्यांना बाहेर पडायला सांगून खाली आले. माझ्या खिडकीचं शटर वाकून अडकलं होतं. त्यांनी ते खांद्याने उचललं, मला दंडाला धरून ओढून काढलं, आणि आम्ही फाटकाकडे चार पावलं चाललो असू, तेवढ्यात दुसरा झाला. छताचा खांब त्यांच्या पायांवर आला. मी त्यांचा हात धरून बसले. माझ्या उजव्या हातात त्यांचा डावा हात. आणि मी तोंड उघडून ओरडत होते ती किंकाळी नव्हती. समोर तू होतीस. मला घ्यायला आली होतीस म्हणून फाटकाशी उभी होतीस, ती धावत आत आलीस. मी तुला ओरडून सांगत होते, “मुंगे, स्ट्रेचर! आधी यांना!”

हाच तो तुमचा आक्रोश.

मी वहिनींना सगळं खिडकीतूनच सांगितलं. मागची रांग कुरकुरायला लागली होती. त्या म्हणाल्या, “मला माहीत आहे. तेव्हा पेपरात एक ओळ आली होती, तुमची. ती मी कापून ठेवली आहे. पण आता कोण वाचतंय, ताई? तुमचा फोटो आमच्या गल्लीच्या तोंडाशी लावलाय. सभेच्या दुसऱ्या दिवशी कोणीतरी दगड मारून आमच्या खिडक्या फोडल्या. मुलीच्या वर्गात एकीने विचारलं, तुझ्या बाबांनीच बॉम्ब ठेवला ना? ती चार दिवस शाळेत गेलेली नाही.”

मी म्हटलं, “वहिनी, तो फोटो मी दिला नाही.”

“पण स्टेजवर तुम्ही होतात,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. मग मागच्या माणसाला म्हणाल्या, “या, तुम्ही घ्या तिकीट,” आणि निघून गेल्या.

आता मी तुला होर्डिंग उतरव असं म्हणत नाही. मला पूर्ण फोटो हवाय. न कापलेला. लवकर पाठव.

ताई

२४ मार्च

मुंगी,

परवा तुझ्या ऑफिसात जे झालं ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण माझं बोलायचं तिथे राहून गेलं.

आधी मी निवडणूक कार्यालयात गेले होते. तिथले अधिकारी सज्जन वाटले. मला उजव्या कानानेच ऐकू येतं म्हटल्यावर त्यांनी स्वतःची खुर्ची फिरवली. तक्रार लिहून घेतली, मग कपाटातून फाइल काढली आणि म्हणाले, “बाई, या जाहिरातीबद्दल आधीच एकाने विचारणा केली होती. कंपनीने लेखी उत्तर दिलंय.” त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. ‘मूळ छायाचित्रात अन्य कोणतीही व्यक्ती नाही.’ खाली तुझी सही.

मी म्हटलं, “हे खोटं आहे.”

“असेल. मूळ फोटो आणा, मी आजच्या आज उतरवायला लावतो. तुमच्या शब्दावर मला ते करता येत नाही.”

मी म्हटलं, “फोटो जिच्याकडे आहे तिचीच ही सही आहे.” त्यांनी सही बघितली, माझ्या तक्रारीवरचं आडनाव बघितलं आणि पाण्याचा ग्लास पुढे केला. मुंगी, परक्या माणसाला माझी कीव आली तेव्हा मला पहिल्यांदा लाज वाटली. तुझी नव्हे, माझी. मी तुला असं कसं वाढवलं, याची.

तिथून तुझ्याकडे आले. तुमच्या त्या काचेच्या खोलीत भिंतभर माझे बारा चेहरे चिकटवलेले. एकात रक्त गडद, एकात फिकट, एकात मी काळी-पांढरी. प्रत्येकाखाली आकडे. कोणत्या रक्ताला लोक जास्त वेळ थांबतात त्याचे. एक मुलगी कॉफी पीत आकडे लिहीत होती. तिने वळून मला पाहिलं आणि परत भिंतीवरच्या चेहऱ्यांकडे बघितलं. मीच खरी आहे हे तिच्या ध्यानीमनी नसावं.

तू मला जिन्यात नेलंस. आपले सगळे व्यवहार जिन्यातच का होतात कोण जाणे.

तू म्हणालीस, “ताई, तुला नाही कळणार. चौकटीत दुसरा हात ठेवला की नजर तिकडे जाते.”

“कोणाचा हात आहे तो, माहितेय ना तुला?”

“माहितेय. म्हणूनच काढला.”

“म्हणूनच?”

“पुलापलीकडचा माणूस तुला वाचवतोय, हे त्या होर्डिंगवर कुठे बसवू मी? सांग ना. मला हे काम मिळालंय, ताई. पहिलं मोठं काम. आणि खोटं काय आहे त्यात? रक्त खोटं आहे? तू ओरडत नव्हतीस?”

मी तिथून उतरून आले. उत्तर मला बसमध्ये सुचलं. मी ओरडत होते, पण कोणासाठी ते तुला माहीत होतं. त्या गर्दीत ते फक्त तुलाच माहीत होतं.

मतदानाला बारा दिवस आहेत. फोटो पाठव. मी मागते आहे, विनवत नाही.

ताई

२ एप्रिल

मुंगी,

फोटो आला नाही. मग माझ्याकडे जे होतं ते मी वापरलं. माझं तोंड.

सोमवारी चार नंबरची खिडकी वेळेवर उघडली. पहिला माणूस आला, त्याला तिकीट दिलं आणि म्हटलं, “समोरच्या फोटोत मी आहे. माझ्या उजव्या हाताला आमचे घोषणा करणारे होते. पुलापलीकडचे. त्यांनी मला बाहेर काढलं आणि ते गेले. त्यांना फोटोतून कापलंय.” तो म्हणाला, “अं?” मी पुढच्याला बोलावलं. त्यालाही तेच.

दुपारपर्यंत घसा बसला. एका बाईने तिकीट परत केलं आणि पाच नंबरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. एक तरुण म्हणाला, “किती घेतले त्यांच्याकडून?” एक म्हातारे गृहस्थ मात्र रांगेतून बाजूला झाले आणि तिथेच उभे राहिले. प्रत्येक माणसाला मी सांगत होते ते तासभर ऐकत होते. शेवटी खिडकीशी येऊन म्हणाले, “त्यांचा आवाज आठवतो मला. गाडीला उशीर असला की आधी माफी मागायचे.” मग मला डोळ्यांपुढची नोट दिसेना.

दुसऱ्या दिवशी पाच नंबरवाल्या बाई म्हणाल्या, “तुझा घसा बसलाय, आज मी सांगते.” आणि खरंच त्यांच्या खिडकीतून सांगायला लागल्या, फक्त त्यांनी रेडिओची उंची चार बोटं वाढवली आणि एका शटरची दोन शटरं केली. मी ते दुरुस्त करायला गेले नाही.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावलं. या खेपेला उजवीकडून बोलले. कामाच्या जागी प्रचार केला म्हणून मला निलंबित केलंय. मी म्हटलं, “साहेब, समोर दोन मजली प्रचार चाललाय, माझ्याच तोंडाने.” ते म्हणाले, “तो स्थानकाच्या हद्दीबाहेर आहे.”

आईला सगळं सांगितलं. तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाली, “तिने माझ्या ऑपरेशनच्या कागदांत घातलं?” तेवढंच. तुझ्या बाकी कशाबद्दल तिने विचारलं नाही. ते एकच तिला लागलंय.

ताई

२१ एप्रिल

मुंगी,

तुझा माणूस निवडून आला. होर्डिंग उतरवलं, आता तिथे फ्रिजची जाहिरात आहे. खिडक्या फोडणारे सापडले नाहीत. माझी चौकशी पुढच्या महिन्यात आहे. रेडिओची मुलगी शाळेत जायला लागली, दुसऱ्या शाळेत.

आणि निकालाच्या तिसऱ्या दिवशी तुझं पाकीट आलं. आत पूर्ण फोटो. चिठ्ठी नाही.

मी तो खिडकीपाशी नेऊन पाहिला. तीन वर्षं मी समजत होते की ते आधी थोडं बोलले, पण तू आलीस तेव्हा त्यांची शुद्ध गेलेली होती. मी तुझ्याकडे बघत होते, त्यांच्याकडे नाही. फोटोत त्यांचे डोळे उघडे आहेत, मुंगी. ते सरळ तुझ्याकडे बघतायत. त्यांचा मोकळा हात वर उचललेला आहे, तुझ्या दिशेने. आणि तू फोन धरून उभी आहेस.

म्हणजे जिन्यात तू मला सगळं सांगितलं नव्हतंस. नजर हातावर जाते म्हणालीस. कोणाची गं? तुझीच ना?

फोटो काढून झाल्यावर तू स्ट्रेचरसाठी धावलीस. हेही मी विसरलेले नाही. मधे किती क्षण गेले असतील? चार? पाच? डॉक्टर म्हणाले होते की त्याने काही फरक पडला नसता. मी तुला ते सांगून मोकळं केलं असतं. तू कधी विचारलं असतंस, तर मी तुला जवळ घेऊन शंभर वेळा सांगितलं असतं. पण तू तो हात कापलास, आणि उरलेल्या तुकड्याने त्यांच्याच घराच्या काचा फोडल्यास. त्याची माफी माझ्याकडे नाही. शोधून पाहिली.

काल फोटो घेऊन मी पूल ओलांडला. वहिनींनी दार उघडलं, आत घेतलं, पाणी दिलं. एका खिडकीला अजून पुठ्ठाच आहे. त्यांनी फोटो मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, “मला सांगितलं होतं, जागच्या जागी गेले. त्रास झाला नाही.”

त्यांनी फोटोतल्या डोळ्यांवर बोट ठेवलं.

“हे तर बघतायत, ताई.”

“हो.”

“किती वेळ?”

खोटं बोलायचं अगदी ओठावर आलं होतं. पण त्या घरात आणखी एक खोटं मला ठेववलं नाही. म्हटलं, “दहा-बारा मिनिटं. स्ट्रेचर आलं तोवर श्वास चालू होता.”

“काही बोलले?”

“पाच नंबरच्या फलाटावरची गाडी मागे घ्यायला सांगा म्हणाले. आत माणसं बसलीयेत. दोनदा म्हणाले.”

त्या हसल्या, मुंगी. तोंडावर पदर धरून हसल्या आणि मग ते हसणं रडण्यात गेलं. “घरीसुद्धा असंच,” म्हणाल्या. “जेवताना मधेच घड्याळ बघायचे.” आतून मुलगी आली. तिने फोटो मागितला. वहिनींनी जरा विचार केला आणि दिला.

निघताना त्यांनी विचारलं, “हा कोणी काढला?”

“माझ्या बहिणीने.”

त्यांना माहीत होतं की नाही, कळलं नाही. त्या म्हणाल्या, “त्यांना एकदा यायला सांगा. मला भांडायचं नाही. तुम्ही यांचा हात धरला होता, पण यांचा चेहरा तुमच्या बहिणीने पाहिलाय. कसे दिसत होते, घाबरले होते का, एवढं मला विचारायचंय. ते दुसरं कोणी सांगू शकत नाही.”

हा निरोप मी पोचवते आहे. माझ्याकडे येऊ नकोस, निदान इतक्यात नको. आई तुझ्याशी फोनवर बोलेल की नाही ते तिचं ती ठरवेल.

पुलाच्या पलीकडच्या टोकाला उतर. डावीकडे चपलांचं दुकान आहे, त्याच्या पुढची दुसरी गल्ली. घर शोधावं लागणार नाही, पुठ्ठ्याची खिडकी रस्त्यावरूनच दिसते. त्या दुपारी दोननंतर घरी असतात.

ताई